‘एमआरआय नॉर्मल’ लिहिलंय, मग फिट का थांबत नाहीत?

फिट येणाऱ्या मुलांच्या फायलीत ‘एमआरआय ब्रेन : नॉर्मल’ असा एक रिपोर्ट बऱ्याचदा असतो. तो वाचून आईवडिलांना आधी हायसं वाटतं. पुढे दोन औषधं होतात, तिसरं सुरू होतं, तरी फिट येतच राहते, तेव्हा तोच कागद बुचकळ्यात टाकतो. मेंदूत काहीच बिघाड नाही, तर हे होतंय कशामुळे?

अशा काही मुलांच्या मेंदूचा बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, एखाद्या ठिकाणी गर्भातच नीट घडलेला नसतो. दोष जन्मापासून तिथेच असतो, पण स्कॅनमध्ये कधी दिसतो, कधी निसटतो. हा दोष शोधायला कोणती तपासणी किती कामाची, याबद्दल हा लेख आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मशिन कोणतं यापेक्षा ते कसं चालवलं, मुलाचं वय काय होतं आणि चित्रं बघणाऱ्याला काय शोधायला सांगितलं होतं, याने जास्त फरक पडतो.

कॉर्टेक्सची जाडी जेमतेम दोन ते चार मिलिमीटर. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग घड्यांच्या आत दडलेला असतो, मेंदू समोर ठेवला तरी वरून दिसत नाही. या थरातल्या पेशी तिथे जन्मत नाहीत. मेंदूच्या मधोमध द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांच्या काठाशी या पेशी तयार होतात आणि गर्भारपणाच्या साधारण आठव्या ते चोविसाव्या आठवड्यादरम्यान तिथून सरकत सरकत बाहेर येतात. मागून येणाऱ्या पेशी आधी पोचलेल्यांना ओलांडून वरच्या थरात जातात. मग त्यांची आपसांत जोडणी होते आणि मेंदूला घड्या पडत जातात.

यात कुठे बिघडलं त्यावरून दोषाचा प्रकार ठरतो. काही पेशी निघाल्याच नाहीत तर पोकळीच्या काठाशी गाठी राहतात, त्याला हेटरोटोपिया म्हणतात. अर्ध्या वाटेत थांबल्या तर कॉर्टेक्सच्या खाली करड्या रंगाचा दुसरा पट्टा तयार होतो. एक्स गुणसूत्रावरच्या डीसीएक्स या जनुकात दोष असेल तर मुलींमध्ये बहुधा असा पट्टा दिसतो. तोच दोष मुलग्यात असेल तर मेंदूला घड्याच पडत नाहीत आणि कॉर्टेक्स एक सेंटिमीटरहून जाड होतो. हे लिसेन्सेफाली. पॉलिमायक्रोजायरियात उलट, गरजेपेक्षा जास्त आणि अगदी बारीक घड्या पडतात. गर्भारपणात सायटोमेगॅलो विषाणूची लागण होणं हे त्याचं एक ठाऊक असलेलं कारण आहे.

आणि सगळ्यात जास्त चकवणारा प्रकार म्हणजे फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया. यात मेंदूच्या एखाद्याच छोट्या भागात पेशींची मांडणी विस्कटलेली असते. १९७१ मध्ये लंडनमधल्या टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णांच्या मेंदूतून शस्त्रक्रियेने काढलेल्या तुकड्यांत हा दोष सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं वर्णन केलं. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की शस्त्रक्रियेच्या वेळी नुसत्या डोळ्यांनी किंवा हात लावून हा दोष क्वचितच ओळखू येतो. कवटी उघडून बसलेल्या सर्जनला जे दिसत नव्हतं, ते बाहेरून दिसावं अशी आपली स्कॅनकडून अपेक्षा असते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनजवळ विम्बल्डनच्या रुग्णालयात जगातला पहिला सीटी स्कॅन एका रुग्णावर झाला.

सीटीचं काम वेगळं आहे

पहिली फिट आली की आपल्याकडे आधी सीटी होतो, आणि त्यात चूक काही नाही. सीटी काही सेकंदांत उरकतो, जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो, मूल जरा हललं तरी निभावतं. रक्तस्राव झालाय का ते तो लगेच सांगतो. भारतात फिट येण्याची दोन कारणं फार आढळतात, पट्टकृमीच्या अळीची गाठ आणि टीबीची गाठ. औषध टोचून काढलेल्या सीटीत या गाठी कड्यासारख्या उठून दिसतात. (पट्टकृमीची अंडी दूषित भाजीपाल्यातून आणि पाण्यातूनही पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी घरातल्या मुलालाही ही गाठ होऊ शकते.)

पण सीटी एक्स-रेवर चालतो. मेंदूचा करडा भाग (कॉर्टेक्स) आणि त्याच्या खालचा पांढरा भाग यांतून एक्स-रे जवळपास सारखेच आरपार जातात, म्हणून चित्रात दोन्हींतला फरक अगदी पुसट येतो. लिसेन्सेफालीसारखा ढोबळ दोष त्यात कळेल. फोकल डिस्प्लेजिया बहुधा कळणार नाही. एका बाबतीत मात्र सीटी एमआरआयच्या पुढे आहे, ती म्हणजे कॅल्शियम. पोकळीच्या काठाशी गाठी दिसल्या, तर त्या हेटरोटोपियाच्या की ट्युबरस स्क्लेरोसिस या आजाराच्या, हा प्रश्न पडतो. ट्युबरस स्क्लेरोसिसच्या गाठींत बऱ्याचदा कॅल्शियम साठतं आणि ते सीटीत पांढरंशुभ्र दिसतं. सायटोमेगॅलो विषाणूची खूणही अशीच सापडते.

इथे एक धोका आहे. सीटीत एखादा जुना कॅल्शियमचा ठिपका दिसला की फिटचं खापर त्याच्यावर फोडून शोध थांबवला जातो. ठिपका डाव्या बाजूला आणि फिटच्या वेळी डावाच हात झटके देतोय, असं असेल तर तो दोषी असण्याची शक्यता कमी, कारण डावा हात मेंदूच्या उजव्या बाजूकडून चालतो. सीटीमुळे रेडिएशनही जातं. डोक्याच्या एका सीटीत साधारण दोन मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात सगळ्यांनाच मिळतं जवळपास तेवढं. गरज असेल तर त्याला घाबरायचं कारण नाही, पण डिस्प्लेजिया शोधायला पुन्हा पुन्हा सीटी काढण्यात अर्थ नाही.

एमआरआय: एकच नाव, दोन तपासण्या

एमआरआय चुंबकावर चालतो, पेशींमधल्या पाण्याचा संकेत टिपतो. करडा आणि पांढरा भाग त्यात स्वच्छ वेगळे दिसतात, रेडिएशन नसतं. कॉर्टेक्सच्या दोषांसाठी मुख्य तपासणी हीच, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कोणता एमआरआय, याचा.

नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूचे साधारण पाच मिलिमीटर जाडीचे काप घेतात आणि दोन कापांत थोडी जागा सुटते. डोकेदुखी, पक्षाघात, गाठ यांसाठी ते पुरतं. पण ज्या थराची जाडीच दोन-चार मिलिमीटर, त्यातली गडबड पाच मिलिमीटरच्या कापात कशी सापडणार? कॉर्टेक्सची घडी कापाला तिरकी गेली की निरोगी थरही जाड दिसतो, आणि खरोखर जाड झालेला थर शेजारच्या भागात मिसळून जातो. पॉलिमायक्रोजायरियाच्या बारीक घड्या जाड कापात एकमेकींत मिसळून एकच जाड पट्टा झाल्यासारख्या दिसतात. बारीक काप घेतले की घड्या सुट्या होतात.

म्हणून इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी एक किमान पद्धत सुचवली, तिचं नाव हार्नेस. त्यात तीन गोष्टी हव्यात (टी१, टी२ आणि फ्लेअर ही एमआरआय चित्रांच्या प्रकारांची नावं). पूर्ण मेंदूचं एक मिलिमीटरचं त्रिमित टी१ चित्र, तसंच एक मिलिमीटरचं त्रिमित फ्लेअर चित्र, आणि मेंदूच्या आतल्या, स्मरणशक्तीशी संबंधित हिपोकॅम्पस या भागाला काटकोनात घेतलेले बारीक टी२ काप. त्रिमित चित्राचा फायदा असा की ते हव्या त्या दिशेने फिरवून बघता येतं. हे करायला नवं मशिन लागत नाही, वेळ लागतो. लहान मुलाला तेवढा वेळ निश्चल ठेवायला बऱ्याचदा भूल द्यावी लागते. हीच अडचण मोठी असते.

हे चित्र वाचतात कसं? बघणारा डॉक्टर कॉम्प्युटरवर एक एक काप पुढे-मागे सरकवत प्रत्येक घडीच्या कडेने खाली उतरतो, तळापर्यंत. घडीच्या तळाशी लपलेले डिस्प्लेजिया ही एक ओळखीची जात आहे आणि ते फार लहान असू शकतात. तळाशी कॉर्टेक्स किंचित जाड वाटतो. करड्या-पांढऱ्यामधली रेघ, जी एरवी धारदार असते, तिथे ओल्या कागदावर शाई फुटावी तशी पसरलेली असते. फ्लेअरमध्ये तोच भाग थोडा उजळ दिसतो. आणि नशिबाने साथ दिली तर तिथून आतल्या पोकळीपर्यंत निमुळती होत गेलेली एक उजळ रेषा दिसते. पेशी ज्या वाटेने बाहेर आल्या, बरोबर त्याच वाटेवर ही रेषा असते. ती दिसली की डिस्प्लेजियाच्या टाइप टू बी या उपप्रकाराची शंका जवळपास पक्की होते. टाइप वन या उपप्रकारात अशा खुणा फिक्या असतात, कित्येकदा नसतातच.

आता एक अभ्यास सांगते, कारण या सगळ्या विषयाचा गाभा त्यात आहे. जर्मनीत बॉन इथल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये १२३ रुग्णांचे स्कॅन तपासले. नेहमीचा एमआरआय आणि वाचणारा अपस्मारातला तज्ज्ञ नाही, तेव्हा दोष सापडण्याचं प्रमाण ३९ टक्के निघालं. तोच नेहमीचा एमआरआय तज्ज्ञाने वाचला तर ५० टक्के. आणि अपस्मारासाठी खास पद्धतीने काढलेला एमआरआय तज्ज्ञाने वाचला तर ९१ टक्के. या रुग्णांमध्ये डिस्प्लेजियाशिवाय इतर दोषही होते, हे लक्षात ठेवायला हवं. तरी अर्थ स्पष्ट आहे. डोळा बदलून थोडा फरक पडला. डोळा आणि पद्धत दोन्ही बदलल्यावर चित्र पालटलं.

तज्ज्ञाचा डोळाही योग्य ठिकाणी वळवावा लागतो. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘फिट्स, एमआरआय ब्रेन’ लिहिलेलं असेल तर बघणाऱ्याला सगळा मेंदू सारखाच. त्याऐवजी ‘झोपेत डावा हात ताठ होतो, ईईजीत उजव्या फ्रंटल भागात गडबड’ (ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, फ्रंटल म्हणजे कपाळामागचा भाग) एवढं लिहिलं, तर तो त्या भागातली प्रत्येक घडी पुन्हा पुन्हा बघेल. फिटचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्यूरोलॉजिस्टला दाखवण्याचा उपयोग इथवर पोचतो.

टेस्लाबद्दल लोक फार विचारतात. टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद. १.५ टेस्लाच्या मशिनपेक्षा ३ टेस्लाचं चित्र जास्त स्पष्ट, आणि मिळत असेल तर तेच घ्यावं. पण ३ टेस्लावर नेहमीच्या पद्धतीने उरकलेल्या स्कॅनपेक्षा १.५ टेस्लावर नीट वेळ देऊन हार्नेस पद्धतीने केलेला मला केव्हाही बरा वाटतो. ७ टेस्लाच्या पहिल्या मशिनला अमेरिकेत रुग्णांवर वापरायची परवानगी २०१७ मध्ये मिळाली. ३ टेस्लावर न दिसलेले काही डिस्प्लेजिया त्यावर सापडले आहेत. सध्या तरी ती मोजक्या केंद्रांची गोष्ट आहे.

वय चुकलं तर चांगला स्कॅनही चुकतो

जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत पांढरा भाग अजून पांढरा झालेला नसतो. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढत जातं आणि त्यानुसार एमआरआयमधला रंग पालटत जातो. पहिल्या काही महिन्यांत करडा आणि पांढरा यांचा रंग मोठ्यांच्या उलट दिसतो, दोन वर्षांपर्यंत तो मोठ्यांसारखा होतो. या दोन्हींच्या मध्ये एक काळ असा येतो की दोन्ही भाग जवळपास एकाच रंगाचे दिसतात. साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा हा काळ. करड्या-पांढऱ्यामधली रेघच दिसत नसेल तर ती फुटली आहे की नाही हे कसं सांगणार?

याचा परिणाम फार विचित्र होतो. चार महिन्यांच्या बाळाच्या स्कॅनमध्ये स्पष्ट दिसलेला डिस्प्लेजिया वर्षभराने केलेल्या स्कॅनमध्ये दिसेनासा होऊ शकतो. दोष बरा झालेला नसतो, आजूबाजूचा रंग त्याच्या रंगाला येऊन मिळालेला असतो. उलटंही घडतं: दहाव्या महिन्यातला नॉर्मल स्कॅन अडीच-तीन वर्षांनी पुन्हा काढला की दोष समोर येतो. म्हणून बाळाला फिट येत असतील तर पहिल्या सहा महिन्यांत चांगला एमआरआय करावा, आणि काही सापडलं नाही व फिट चालू राहिल्या तर दोन-अडीच वर्षांनंतर पुन्हा करावा, असं सांगतात. दहाव्या महिन्यातल्या ‘नॉर्मल’वर भरवसा ठेवून पाच वर्षं थांबणं हे त्या मुलाचं मोठं नुकसान आहे.

गर्भातही वयाचाच प्रश्न, आणि तिथे तो जास्त टोचतो. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत मेंदूच्या बऱ्याच दोषांची शंका येऊ शकते, पण कॉर्टेक्सच्या घड्यांची नाही, कारण वीस आठवड्यांचा मेंदू निरोगी असला तरी जवळपास गुळगुळीतच असतो. मधली मोठी घडी, सेंट्रल सल्कस, सव्विसाव्या आठवड्याच्या आसपास स्पष्ट होते. सोनोग्राफीत शंका आली तर गर्भाचा एमआरआय करतात. आईला इंजेक्शन लागत नाही, आणि एकेक चित्र इतक्या झटपट निघतं की बाळाची हालचाल फारशी आड येत नाही. ब्रिटनमधल्या मेरिडियन या अभ्यासात मेंदूच्या दोषांचं बरोबर निदान सोनोग्राफीने ६८ टक्के झालं आणि एमआरआय जोडल्यावर ९३ टक्के. ही २०१७ सालची आकडेवारी मेंदूच्या सगळ्या दोषांची आहे, फक्त कॉर्टेक्सची नाही. फोकल डिस्प्लेजियाची आशा गर्भाच्या एमआरआयकडून सहसा ठेवता येत नाही.

भारतात २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यातली मर्यादा काही ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवडे झाली, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या मताने परवानगी मिळू शकते. घड्यांचा दोष नीट दिसू लागतो तो नेमका या चोवीस आठवड्यांच्या आगेमागे आणि नंतर. अशा वेळी ‘दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ते टाळत नसतात. पण त्या दोन आठवड्यांत घरच्यांवर काय गुजरते याची जाणीव ठेवून कायद्याची बाजूही त्याच बैठकीत समजावून सांगायला हवी.

चित्रात दोष नाही, तेव्हा पेट आणि स्पेक्ट

एमआरआय मेंदूची घडण दाखवतो. पेट आणि स्पेक्ट मेंदूचं काम दाखवतात. पेटमध्ये किरणोत्सर्गी ग्लुकोज टोचून मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते बघतात. दोन फिटच्या मधल्या काळात डिस्प्लेजियाचा भाग सहसा कमी साखर वापरतो, म्हणून तो फिका दिसतो. आपल्याकडे कॅन्सरच्या उपचारांसाठी पेट-सीटी मशिनं आली आहेत, त्यांच्यावरच हे होतं. टोचलेल्या औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, तेव्हा वेळ सांभाळावी लागते. मुलाला उपाशी ठेवून, टोचल्यावर अर्धा तास शांत अंधाऱ्या खोलीत बसवतात. त्या अर्ध्या तासात फिट आली तर तोच भाग फिका दिसण्याऐवजी उजळ दिसू शकतो, म्हणून सोबत ईईजी चालू ठेवणं बरं.

पेटमधला फिका भाग मूळ दोषापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठा असतो. एवढा सगळा भाग काढायचा, असा त्याचा अर्थ नाही. पेटचं चित्र एमआरआयवर बसवून बघितलं की खरा उपयोग होतो: फिक्या भागातली एखादी घडी पुन्हा नीट पाहिली जाते, आणि आधी नॉर्मल म्हटलेल्या एमआरआयमध्येच पुसट झालेली रेघ सापडते. टाइप वनसारख्या, एमआरआयला चकवणाऱ्या प्रकारांत पेटचं मोल जास्त.

स्पेक्टची गंमत वेगळीच. त्यात औषध प्रत्यक्ष फिट चालू असताना टोचतात. मूल व्हिडिओ-ईईजीच्या खोलीत असतं, डोक्याला तारा, हाताला सलाइनची सुई, आणि टेक्नेशियम या किरणोत्सर्गी पदार्थाच्या औषधाने भरलेली सिरिंज शिशाच्या आवरणात तयार. फिट सुरू झाली की नर्सने काही सेकंदांत औषध आत सोडायचं. औषध रक्तातून मेंदूत जाऊन मिनिट-दोन मिनिटांत तिथेच बसतं, म्हणून स्कॅन नंतर काही तासांनी केला तरी चालतो. चित्र त्या क्षणीचंच राहतं. फिट जिथून उठली त्या भागात रक्त जास्त धावलेलं दिसतं. टोचायला अर्धा-पाऊण मिनिट उशीर झाला तर तोवर फिट दुसरीकडे पसरलेली असते आणि चित्र दिशाभूल करतं. तपासणीचं यश त्या नर्सच्या हाताशी असतं. मुंबईच्या केईएमसारख्या मोजक्याच केंद्रांवर अपस्मार शस्त्रक्रियेची पूर्ण तयारी असते, त्यामागे हेही एक कारण आहे: यंत्र विकत आणता येतं, ही सवय लावायला वर्षं जातात.

मेंदूतल्या विजेमुळे उठणारं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारा एमईजी बेंगळुरूच्या निमहान्समध्ये आहे; तो गडबडीची जागा सांगतो, दोषाचं चित्र दाखवत नाही. फंक्शनल एमआरआय बोलण्याचा किंवा हाताचा भाग कुठे आहे ते दाखवतो, म्हणजे शस्त्रक्रियेत काय वाचवायचं ते कळतं.

इतका खटाटोप कशासाठी, तर शस्त्रक्रियेसाठी. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या औषधाने त्या पूर्ण थांबण्याची शक्यता फार कमी उरते. दिल्लीच्या एम्समध्ये औषधाला दाद न देणाऱ्या ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवरच्यांपैकी ७ टक्के. यात वेगवेगळ्या कारणांची मुलं होती, आणि शस्त्रक्रियेनंतर काहींना अंगाच्या एका बाजूला कमजोरीही आली. ती काही शस्त्रक्रियांत आधीपासूनच धरून चालावी लागते. काढायची जागा जितकी नेमकी सापडेल तितकं कमी काढावं लागतं.

अलीकडे कॉम्प्युटरही मदतीला आला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून मेल्ड नावाचा प्रकल्प उभा केला. त्यांचा प्रोग्राम कॉर्टेक्सची जाडी, घड्यांची खोली, करड्या-पांढऱ्यातला फरक हे सगळं मोजून संशयित जागा दाखवतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निकालांत, डॉक्टरांना एमआरआयमध्ये न दिसलेल्या डिस्प्लेजियापैकी सुमारे ६४ टक्के त्याने शोधून दाखवले. तो चुकीच्या जागीही बोट दाखवतो, साधारण दर तीन जागांपैकी एक चुकीची, म्हणून त्याचा शब्द अखेरचा मानत नाहीत. तो दाखवेल ती जागा डॉक्टरने पुन्हा उघडून बघायची.

पण या प्रोग्रामला लागतं ते त्रिमित टी१ चित्र, मूळ डिजिटल स्वरूपातलं. मोठ्या पाकिटातल्या काळ्या फिल्म आणि टाइप केलेला रिपोर्ट त्याच्या काहीच कामाचे नाहीत. म्हणून स्कॅन झाल्यावर सेंटरमधून निघतानाच डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं) असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावी आणि घरी एक प्रत कॉम्प्युटरवर ठेवावी. बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत काढलेला स्कॅन असेल तर तो विशेष जपावा. तीन वर्षांनंतरचा स्कॅन गरज पडली तर परत काढता येतो, चौथ्या महिन्यातला मात्र कोणत्याही मशिनवर परत मिळत नाही.